मेलं, विरलं, ओसरलं : एका इंग्रजी क्रियापदाची गोंदिया वारी

इंग्रजीतलं ‘डाय’ शाळेतच भेटतं आणि त्याचा अर्थ एका शब्दात मिळतो : मरणं. गंमत सुरू होते ती त्याला शेपूट लागल्यावर. डाय डाउन, डाय अवे, डाय ऑफ, डाय बॅक, डाय आउट. पाचही ठिकाणी काहीतरी कमी होतंय, पण दर वेळी वेगळ्या चालीनं. एकात खाली बसलेलं पुन्हा उसळतं. एकात आवाज लांब जाता जाता विरतो. एकात एकामागून एक गळत जातात. एकात वरचं वाळतं आणि मुळं जिवंत राहतात. शेवटच्यात मात्र कायमचा कारभार आटोपतो.

ही पाच रूपं घोकून लक्षात राहत नाहीत. उदाहरणं डोळ्यांसमोर असली की राहतात, आणि ती गोंदिया जिल्ह्यात मुबलक आहेत. १ मे १९९९ला भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. धानाच्या बांध्या, मालगुजारांचे तलाव, तेंदूची झुडपं, बांबूची बेटं, सारसांच्या जोड्या आणि रेल्वेची एकेकाळची छोटी लाइन. यातल्या प्रत्येकाबद्दल ‘आता संपलंच ते’ असं कुणी ना कुणी म्हणतंच. पण कोण कोणत्या अर्थानं संपलं, हे विचारलं की इंग्रजीची शेपटं कामाला येतात.

खाली बसलं, पुन्हा उठलं

डाय डाउन चालतं वाऱ्याला, आगीला, गलक्याला, टाळ्यांना, रागाला, अफवेला. जे भडकतं किंवा उसळतं, तेच डाय डाउन होतं. पुराला मात्र ते लागत नाही. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेनं भंडारा-गोंदियाला झोडपलं. ते पाणी उतरलं तेव्हा इंग्रजीत ‘रिसीड’ किंवा ‘सबसाइड’ लिहायचं. मराठीत एकच ‘ओसरणं’ पुराला, तापाला आणि गर्दीला चालून जातं. इंग्रजी तिथे वेगवेगळी भांडी काढते.

डाय डाउनचं झकास उदाहरण म्हणजे शंकरपट. विदर्भात बैलांच्या शर्यतीला पट म्हणतात. सरळ धावपट्टी, हलकी छकडी, बैलांची जोडी, वर धुरकरी, आणि निकाल सेकंदाच्या तुकड्यांवर. पटाच्या दिवशी गावात पाहुण्यांची रीघ लागते, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, रात्री नाटक असतं. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूच्या जल्लीकट्टूसोबत बैलगाडा शर्यतींवरही बंदी आणली आणि पटाची मैदानं थंडावली. अनेकांनी तेव्हा या प्रथेला श्रद्धांजली वाहून टाकली. १६ डिसेंबर २०२१ला न्यायालयानं महाराष्ट्राला अटींसह परवानगी दिली, १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे उचलून धरले, आणि पटाची धूळ पुन्हा उडू लागली. मधली सात-आठ वर्षं ‘डाय डाउन’ची. तेव्हा ज्यांनी ‘डाय आउट’ म्हटलं त्यांनी घाई केली.

डाय अवे हे त्याचं धाकटं भावंड, आणि ते मुख्यतः आवाजाचं आहे. पावलं, घंटा, गाणं, शिट्टी, वारा. आवाज हळूहळू बारीक होत शेवटी ऐकूच येईनासा होतो. मराठीत ‘विरणं’ तंतोतंत बसतं. आगगाडीच्या शिट्टीइतकं चांगलं उदाहरण इथे दुसरं नाही, आणि गोंदिया तर आगगाडीचंच गाव.

मोडीत निघणं आणि मोडीत काढणं

नागपूर-छत्तीसगड मार्ग १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला मीटर गेजवर आला. १८८७मध्ये स्थापन झालेल्या बेंगाल नागपूर रेल्वेनं तो घेतला आणि ब्रॉड गेज केला. १९०३ ते १९०५च्या दरम्यान गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत सातपुड्यातली नॅरो गेज टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. दोन रुळांमध्ये अंतर अवघं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या गाडीतून उतरायचं आणि सामान उचलून छोट्या गाडीत बसायचं, असं हे जंक्शन. शंभर वर्षांहून जास्त काळ या गाडीनं धान, लाकूड, मँगनीज आणि लग्नाची वऱ्हाडं वाहिली. मग गेज बदलायचं ठरलं. गोंदिया-बालाघाट आधी रुंद झाली. पुढचा जबलपूरकडचा छोटा रूळ २०१५मध्ये थांबला, आणि काही वर्षांनी त्याच वाटेवर मोठी गाडी धावू लागली.

आता प्रश्न असा : छोटी लाइन ‘डाइड आउट’ म्हणावी का? माझं उत्तर ठाम नाही असं आहे, आणि या लेखातला सर्वांत कामाचा मुद्दा इथेच आहे. डाय आउट अकर्मक आहे. त्याला कर्म नाही, त्याचा कर्मणी प्रयोग होत नाही, आणि वाक्यात करणारा कुठेच दिसत नाही. आपोआप घडलं असं ते वाक्य सुचवतं. छोटी लाइन आपोआप गेली नाही. कुणीतरी कागदावर निर्णय घेतला, पैसे मंजूर केले, रूळ उखडले. त्यासाठी इंग्रजीत ‘फेज आउट’ आहे : टप्प्याटप्प्यानं बंद करणं. त्याला करणारा लागतो, त्याचा कर्मणी प्रयोगही सहज होतो.

मराठीकडे ही जोडी किती सुबक आहे पाहा. मोडीत निघणं आणि मोडीत काढणं. संपुष्टात येणं आणि संपुष्टात आणणं. निकालात निघणं आणि निकालात काढणं. पहिल्यात घडतं, दुसऱ्यात कुणी तरी घडवतं. बातमी लिहिणाऱ्यानं, अर्ज लिहिणाऱ्यानं आणि स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारानं हा फरक जिभेवर ठेवावा.

जाता जाता : छोट्या गाडीची इंजिनं आणि डबे डोळ्यांनी पाहायचे असतील, तर नागपूरच्या मोतीबागेत डिसेंबर २००२पासून नॅरो गेज रेल्वे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जा.

एकामागून एक

डाय ऑफमध्ये मरणारे अनेक असतात आणि ते पाठोपाठ जातात. एका माणसाला किंवा एका झाडाला डाय ऑफ लावता येत नाही. कळप, पिढी, झाडोरा, जुनी मित्रमंडळी, अशांना लागतं.

बांबूचं पाहा. जिल्ह्याच्या जंगलात मानवेल बांबू आहे. वर्षानुवर्षं तो फक्त वाढतो, फुलत नाही. मग कधीतरी, दोन-चार दशकांनी, बेटंच्या बेटं एकाच वेळी फुलोऱ्यावर येतात, गव्हासारखं बी झडतं आणि सगळी बेटं वाळून जातात. बुरड कारागिरांच्या पोटावर पाय येतो, वाळलेल्या बेटांना वणव्याची भीती, बी खायला उंदरांची झुंबड. हे शंभर टक्के डाय ऑफ आहे, पण डाय आउट मुळीच नाही. पावसाळ्यात त्याच बियांतून जमीन हिरवी होते. नवी बेटं तोडणीला यायला मात्र बरीच वर्षं जावी लागतात.

गिधाडांचं डाय ऑफ याहून भीषण. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या ९९.९ टक्क्यांनी घसरली. कारण २००४मध्ये उजेडात आलं : गुरांना वेदनाशामक म्हणून टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक. मेलेल्या ढोरात ते उरायचं, गिधाडाच्या पोटात जायचं, आणि मूत्रपिंड निकामी होऊन पक्षी काही दिवसांत मरायचा. २००६मध्ये सरकारनं या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी घातली. एकेकाळी गावाबाहेर ढोर टाकलं की आकाशातून गिधाडांची रांग उतरायची, हे आज विदर्भातल्या तरुण शेतकऱ्याला सांगावं लागतं. इथेही क्रियापदाची निवड महत्त्वाची. गिधाडं कशी मेली ते डाय ऑफ सांगतं. कशानं मेली हे सांगायचं असेल तर ‘वाइप आउट’ लागतं, कारण त्याला कर्ता हवा, आणि इथे कर्ता ठाऊक आहे.

वरून वाळलं, खालून जिवंत

डाय बॅक झाडाझुडपांचं. शेंडा वाळतो, फांद्या वाळतात, कधी जमिनीवरचं सगळं जातं, तरी मुळात धुगधुगी असते. नागपुरी संत्र्याच्या बागायतदारांना हे शेंडेमर म्हणून चांगलंच ठाऊक आहे.

तेंदूच्या बाबतीत माणूसच हे काम करतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपं जमिनीलगत छाटली की मुळातून कोवळे धुमारे फुटतात, आणि विडीला लागणारं मऊ, मोठं पान त्या धुमाऱ्यांवरच येतं. मे महिन्यात भल्या पहाटे घरचे सगळे जंगलात, दुपारी ओसरीवर पानं जुळवणं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजदाद. महाराष्ट्रात ७० पानांचं एक पुडकं आणि १००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी. शेजारच्या मध्य प्रदेशात पुडकं ५० पानांचं. सीमेवरच्या गावांत हा वीस पानांचा फरक लहान पोरालाही पाठ असतो. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर २०१३पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्ता स्वतः विकायला सुरुवात केली, आणि पैसा कुणाच्या खिशात जातो याचं गणितच बदललं.

विडीचा धंदा मात्र उतरणीला लागला आहे. एकेकाळी गोंदिया म्हणजे विडी आणि विडी म्हणजे गोंदिया. सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या पुढच्या पिढीनं ते सूप हातात घेतलेलं नाही. याला इंग्रजीत ‘टेपर ऑफ’ शोभतं. टेपर म्हणजे मुळात मेणबत्ती, वर निमुळती होत जाणारी. त्यावरून कोणतीही गोष्ट हळूहळू निमुळती होणं.

डाय बॅकचा अर्थ जरा ताणला, तर या मुलखातल्या तलावांनाही तो लावता येईल. मी तो मुद्दाम लावतो, कारण ‘तलाव मेले’ हे वाक्य मला पटत नाही.

तलावाची मुळं

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदावर लघुरूप ‘मामा तलाव’. नाव ऐकून बाहेरगावचा माणूस हसतो, पण हे मामा या मुलखाचं पोट भरतात. यातले कितीतरी कोहळी समाजाच्या हातचे. उतार ओळखायचा, मातीची पाळ कुठे टाकायची ते ठरवायचं, वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्यात कसं जाईल ते बसवायचं, हे सगळं यंत्राविना. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन देण्याचं धोरण ठेवलं, असं परंपरा सांगते. नवेगावबांधचा सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, हीही परंपराच. त्याच्या भोवतीच्या टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले, आणि मराठीतल्या पाणपक्ष्यांचा शब्दसंग्रह या काठावर वाढला.

मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, १९५०च्या कायद्यानं गेली, ३१ मार्च १९५१पासून तलाव सरकारजमा झाले, पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. ज्या गावानं पाळ सांभाळायची ते गाव बाजूला पडलं. गाळ साचला, पाट बुजले, काठावर अतिक्रमणं आली आणि पाण्यात बेशरम माजली. बेशरम म्हणजे ती जांभळट फुलांची झुडपं. कशीही तोडा, पुन्हा उगवतात. नाव उगीच पडलेलं नाही.

अर्जुनी मोरगाव परिसरात ढीवर समाजाच्या मच्छीमार संस्था आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी जे काम केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बेशरम मुळासकट उपटायची. उघडा पडलेला तळ नांगरायचा. दुसऱ्या चांगल्या तलावातून देशी पाणवनस्पती खणून आणायच्या आणि रोवणीला पऱ्हे लावतात तशा ओळीनं लावायच्या. पाऊस आला, पाणी चढलं, की त्या वनस्पतींच्या आडोशाला मासे अंडी घालतात. कोणत्या झाडाजवळ कोणता मासा बसतो, कोणता पक्षी कशावर येतो, हे ढीवरांच्या म्हाताऱ्यांना पाठ होतं. तेच या कामाचं शास्त्र ठरलं. मरळीसारखे देशी मासे जाळ्यात वाढले, पाण्यावर पक्षी वाढले. वरचं वाळलेलं होतं, मुळं शाबूत होती.

चुलत भावंडं, पटापट

पीटर आउट : हळूहळू आटत नाहीसं होणं. १८४०च्या दशकात अमेरिकेतल्या खाणकामगारांच्या तोंडी हा शब्द आला. धातूची शीर खणता खणता बारीक होत दगडात संपायची, तेव्हा ती पीटर आउट झाली. हा पीटर कोण, यावर कोशकारांचं एकमत नाही. सालेकसा तालुक्यातला हाजरा धबधबा पावसाळ्यात धडाडून कोसळतो आणि उन्हाळ्यापर्यंत त्याची धार बारीक होत जाते. त्याला हे क्रियापद चपखल.

फिझल आउट : गाजावाजा करून सुरू झालं आणि फुसकं निघालं. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘फिझल’ म्हणजे चक्क आवाज न करता वारा सोडणं. पुढे अमेरिकी कॉलेजांत पोरं परीक्षेत आपटली की फिझल झाली म्हणू लागली. आज मोठे लोक सभेत हा शब्द वापरतात ते मूळ अर्थ न आठवता.

विंक आउट : दिवा मिणमिणत विझणं. अब्राहम लिंकन यांनी तरुणपणी न्यू सेलम गावी भागीदारीत वाणसामानाचं दुकान काढलं होतं. ते बुडालं. १८६०मध्ये स्वतःबद्दल लिहिताना त्यांनी त्या दुकानासाठी हेच क्रियापद वापरलं. दिवाळं निघाल्याचं इतक्या कमी शब्दांत क्वचितच कुणी सांगितलं असेल.

ड्विंडल : आकड्यानं रोडावणं. शेक्सपिअरनं ते १५९०च्या दशकात नाटकात वापरलं आणि रूढ झालं. उदाहरण गोंदियाच्या शेजारचं : कान्हाच्या जंगलात कठीण जमिनीवरचा बारशिंगा १९७०मध्ये फक्त ६६ उरला होता. कुंपणाआड जपलं, गवताळ रानं राखली, आणि आज तो हजाराच्या आसपास आहे. ड्विंडल झालेलं वाढू शकतं, वेळेत हात घातला तर.

‘डाय’ असूनही जिथे ऱ्हास नाही, अशी दोन उदाहरणं. एखाद्या गोष्टीसाठी ‘डाइंग’ असणं म्हणजे तिच्यासाठी जीव टाकणं. मंडई या गावजत्रेच्या आठवड्यात नाटकासाठी गोंदियातली पोरं डाइंगच असतात. आणि ‘डाय हार्ड’ म्हणजे सहजी न मरणारं. १६ मे १८११ला स्पेनमधल्या अल्बुएराच्या लढाईत जखमी कर्नल इंग्लिस यांनी आपल्या ५७व्या पलटणीला चिवटपणे लढायला सांगितलं, तेव्हापासून त्या पलटणीचं टोपणनावच ‘डाय-हार्ड्स’ पडलं.

उच्चार तोच पण मधे ‘ई’ जास्त असलेलं ‘डाइंग’ म्हणजे रंगवणं. लिहिताना एक अक्षर गाळलं की रंगारी मरणाला टेकतो. रंगाचं निघालं म्हणून लाखेचं सांगतो. पळस आणि कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांची ही लाख, तिच्यापासून लाल रंगही निघतो आणि शेलॅकही. या लाखेच्या कारखान्यांसाठी गोंदिया एकेकाळी ओळखलं जाई. ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या शेलॅकच्या असत. १९५०च्या दशकात विनायल आलं आणि त्या तबकड्या गेल्या. लाख मात्र टिकली. औषधाच्या गोळ्यांच्या वेष्टणात, चकचकीत चॉकलेटवर आणि बांगड्यांत ती अजून आहे.

आउट म्हणण्याआधी

आता डाय आउट. वंश, प्राणी, चालीरीती, भाषा, धंदे यांचा शेवट. डोडो पक्षी डाय आउट झाला. मॉरिशसमध्ये तो दिसल्याची सर्वमान्य शेवटची नोंद १६६२ची. अंदमानातली बो भाषा डाय आउट झाली. ती बोलणाऱ्या शेवटच्या आजी, बोआ सीनियर, जानेवारी २०१०मध्ये गेल्या. ही दोन वाक्यं निखळ आहेत. मागे कुणी उरलेलं नाही.

राजकारणातही या क्रियापदाची एक फेरी झाली. एंगेल्सनं जर्मनमध्ये लिहिलं की वर्ग नाहीसे झाल्यावर राज्यसंस्था कुणी बरखास्त करणार नाही, ती आपणहून ‘अब्स्टेर्बेन’ होईल. १८९२च्या इंग्रजी भाषांतरात एडवर्ड एव्हलिंगनं तिथे डाय आउट घातलं. लोकांच्या तोंडी मात्र पुढे ‘विदर अवे’ बसलं. एंगेल्सला नेमकं हेच सांगायचं होतं की इथे कुणी करणारा नसेल. अकर्मक क्रियापद त्यानं जाणूनबुजून निवडलं. बाकीच्यांच्या हातून ते नकळत निवडलं जातं, आणि करणारा सुटतो.

गोंडीबद्दल ‘डाइंग आउट’ सर्रास लिहिलं जातं. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून जास्त होते. सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहांपाशी माघ पौर्णिमेला जत्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा राज्यांतून गोंड भाविक येतात, आणि डोंगराच्या पायथ्याशी चार प्रांतांची गोंडी कानावर पडते. मग हे वाक्य पूर्ण खोटं का? तेही नाही. शहरात राहायला आलेल्या घरांत मुलं गोंडीत उत्तर देत नाहीत. शाळेत ती भाषा नाही, कचेरीत नाही. म्हणून इंग्रजीत जागा जोडायची सोय वापरावी : अमुक शहरांत, अमुक वयाच्या मुलांत डाय आउट होतेय. जागा सांगितली की उपायाची जागाही कळते.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाला तर टीव्ही आला तेव्हा मृत घोषित केलं गेलं, मोबाइल आला तेव्हा पुन्हा एकदा. दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांचे तंबू अर्जुनी मोरगावपर्यंत ठोकले जातात आणि पहाटेपर्यंत खुर्च्या रिकाम्या होत नाहीत. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. नवेगाव-नागझिऱ्यातल्या वाघांबद्दलही अशीच घाई झाली होती. डिसेंबर २०१३मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, पण वाघ मोजकेच. मे २०२३मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या.

राहिला सारस. सहा फूट उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, राखाडी अंगाचा, लाल डोक्याचा. नर-मादी माना वर करून जोडीनं साद घालतात. उत्तर प्रदेशात ते हजारोंनी आहेत. महाराष्ट्रात त्यांचं मुख्य घर गोंदिया, आणि वैनगंगा-बाघ नद्यांच्या पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाट. गोंदियातला आकडा काही डझनांच्या वर जात नाही. पावसाळ्यात बांधीतल्या पाण्यात गवताचं मोठं घरटं, त्यात बहुधा दोन अंडी, महिनाभर आळीपाळीनं उबवणं. म्हणजे घरटं सरकारी जंगलात नाही, शेतकऱ्याच्या धानात. कीटकनाशकं, विजेच्या तारा, कुत्री, अंडीचोर आणि आटत गेलेले तलाव, असे धोके मोजून ठेवलेले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूरसाठी सारस संवर्धन समित्या नेमल्या गेल्या.

सारसाला कोणतं शेपूट लावायचं? मी अजून आउट लावणार नाही. ड्विंडल लावीन, आणि वाक्यात कर्ते घालीन : तारेनं मेला, औषधानं मेला, तळं बुजवल्यानं घर गेलं. तार भूमिगत करता येते, औषध बदलता येतं, तळ्याचा गाळ काढता येतो. ज्यांच्या बांधीत घरटं होतं त्या शेतकऱ्यांपैकी कित्येकांनी तेवढा तुकडा न कापता सोडला आहे. सारसांची गणना जूनमध्ये, पाऊस लागण्याआधी होते. पहाटे पक्षी रात्रीच्या जागेवरून उठायच्या आत माणसं दुर्बिणी घेऊन तलावावर पोचलेली असतात. परसवाडा आणि झिलमिली हे त्यातले गोंदियाजवळचे दोन तलाव. पाहायला जायचं असेल तर अंधारातच निघा, आणि काठापासून लांब उभे राहा.